मानपत्राला लाल चिठ्ठी

चाकणच्या आमच्या कंपनीत मला लोक साहित्यिक समजतात. दोष माझाच आहे. एका खंडेनवमीला मशिनींना हार घालून झाल्यावर मी यमक जुळवलेल्या चार ओळी वाचून दाखवल्या आणि पेढे वाटायला उशीर केला. तेव्हापासून कुणाचं लग्न असो की बदली, 'साहेब, जरा दोन शब्द लिहा ना' सुरू झालं. मी नको नको म्हणायचो, पण पेन तोवर खिशातून बाहेर आलेलं असायचं.

म्हणून तपासणी विभागातले मामा निवृत्त होणार म्हटल्यावर त्यांचं मानपत्र माझ्याकडे आलं. मामा इथल्याच जुन्या गावातले, शेतकऱ्याच्या घरचे. तयार झालेला माल एका टेबलापाशी उभं राहून तपासायचा, हे त्यांचं तीसेक वर्षांचं काम. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि डबा उघडायच्या आधीच म्हणाले,

"साहेब, त्या दिवशी आमच्या मंडळी येणार हायत. कंपनीत पहिल्यांदाच. तिला वाटतं, मी दिवसभर वस्तू इकडनं उचलतो अन् तिकडं ठेवतो. शेजारणींना पण तसंच सांगती. जाता जाता एकदा तिला कळू द्या, मी करत काय व्हतो. शाल-नारळाचं मला काय न्हाई."

"मामा, तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हणालो. मी असं म्हटलं की बायको घरी लगेच दुसऱ्या कुणाला तरी ते काम सांगते. मामांना हे माहीत नव्हतं.

आमच्या क्वालिटी विभागात कुठलंही काम तक्त्यात बसवल्याशिवाय सुरू होत नाही. मीही पिंपळे सौदागरहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये लॅपटॉप मांडीवर घेतला आणि एक्सेल उघडलं. पहिल्या रकान्यात गुण, दुसऱ्यात उपमा, तिसऱ्यात विशेषण, आणि चौथ्यात 'टाळ्या अपेक्षित: होय किंवा नाही'. धीर म्हणजे सह्याद्री. ज्ञान म्हणजे अथांग सागर. शिस्त म्हणजे सूर्य. स्वभाव म्हणजे शहाळं, वरून टणक, आत गोड. एकच विशेषण दोनदा येऊ नये म्हणून मी त्यांना रंग दिले. कासारवाडीच्या सिग्नलला बस अडकली तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटून डोळे जरा भरून आले.

मसुदा मामांना दिला. संध्याकाळी तो परत आला. नापास मालाला आमच्याकडे लाल चिठ्ठी बांधतात. तशी चिठ्ठी त्याला दोऱ्यानं बांधलेली होती. कारणाच्या जागी मामांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'माणूस सापडला नाही.'

मी तडक त्यांच्या टेबलाकडे गेलो.

"सह्याद्री, सागर, सूर्य," मामा हातातलं काम न थांबवता म्हणाले. "मी काय सहलीची जाहिरात हाय व्हय? अन् शहाळ्याचं काढा. मला शुगर हाय, मंडळी तिथंच वरडंल."

"पण भाषा कशी वाटली?"

"भाषा झ्याक हाय. कुणालाबी बसंल. जनरल मॅनेजरलाबी बसंल. त्यांच्या टायमाला वापरा."

दुसऱ्या दिवशी परवानगी काढून मी अर्धी शिफ्ट त्यांच्या शेजारी उभा राहिलो. ते एकेक तुकडा उचलायचे, भोकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख हलकेच फिरवायचे, आणि ठेवायचे. शंभरातला एखादा बाजूला काढायचे. मापाच्या यंत्रानं तो पास केलेला असायचा. मी डोळ्यांजवळ धरून पाहिला, मला काही दिसलं नाही.

"कडेला धातूचा काटा राहिलाय. ह्यो ब्रेकचा पार्ट. आत रबर बसतं. काटा रबर कापतो, मग तेल गळतं. घाटात गाडी कुणाची असंल, आपल्याला काय ठाऊक?"

मी वही काढली. "केसासारखा बारीक काटा," मी लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणालो.

"केस लई जाड," मामा म्हणाले.

"मग सुईच्या टोकासारखा?"

"सुई दिसती, राव. ह्यो दिसत न्हाई." त्यांनी जरा विचार केला. "बोरीचा काटा टाचंत मोडला ना, की वरनं कायबी दिसत न्हाई. पाय टेकला की कळतं. तसं हाय ते. फकस्त गाडीवाल्यानं पाय टेकायच्या आधी मला कळाय पायजे."

मी ते जसंच्या तसं उतरवलं. तक्त्यातल्या सगळ्या उपमा खोडल्या, विशेषणंही. 'अविरत' हा शब्द मला फार आवडायचा, तोही गेला. मानपत्र अर्ध्या पानावर आलं आणि त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य माझं नव्हतं.

निरोपाच्या दिवशी कॅन्टीनमध्ये टेबलं मागे सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. मामी पहिल्या रांगेत, नवी पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसल्या होत्या. मी वाचलं. नख, काटा, रबर, घाट. टाळ्या पडल्या, मामींनी मात्र वाजवल्या नाहीत. त्या उठून माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "तसला पार्ट हाय का इथं?"

तपासणीच्या टेबलावरून एक नापास तुकडा आणवला. मामींनी कडेवरून नख फिरवलं, थांबल्या, पुन्हा फिरवलं. मग मामांकडे वळल्या.

"म्हणून तुमी घरी ताटाच्या कडेवरनं नख फिरवत व्हता?"

"सवय," मामा म्हणाले.

"मला वाटायचं, ताट नीट घासलं न्हाई म्हणून बघताय. इतकी वर्षं तुमचं ताट मी दोनदा घासतीय."

"तू इचारलं न्हाईस."

"तुमी सांगितलं न्हाई."

"कसं सांगायचं, तेच कळत नव्हतं."

"ह्यांना बरं सांगता आलं," मामी माझ्याकडे हात करत म्हणाल्या. तुकडा त्यांनी अजून सोडला नव्हता. मामांच्या अंगठ्याजवळ नेऊन त्या विचारत होत्या, नेमकं कुठं लागतं, दाखवा बघू. मामा दाखवायला लागले. मागे जनरल मॅनेजर उलगडलेली शाल दोन्ही हातांत धरून उभे होते, आणि यांच्यात आता कसं शिरावं हे त्यांना कळत नव्हतं.