तुमसरात नेपोलियन कसा हरतो

कॅरमचा डाव संपला की माणसं घरी जातात. आमच्या खेळातही डाव संपतो, पण झालेला अन्याय घरापर्यंत सोबत येतो आणि साठत जातो. माझ्याकडे तो आता इतका साठलाय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण गोड लागत नाही.

खेळ साधा आहे. टेबलावर इंचभर उंचीचे शिपाई, घोडेस्वार, तोफा मांडायच्या. फूटपट्टीनं मोजून पुढे सरकवायचं, फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. लढाया नेपोलियनच्या काळातल्या. मी फ्रेंच. समोर इंग्रजांकडून पटले. त्याची राइस मिल आहे आणि तिच्याच गोदामात आमचं टेबल. मेश्राम सर पंच. ते हायस्कूलला इतिहास शिकवतात, आणि खेळाचे इंग्रजी नियम त्यांनी मराठीत करून एका लाँगबुकात उतरवलेत.

मी कॉलेजात लॅब असिस्टंट. सात वर्षं दर रविवारी खेळतोय आणि एकदाही जिंकलेलो नाही. एकदाही! मला फक्त एक लढाई जिंकायची आहे. एवढंही मागू नये का माणसानं?

*

दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांची पूजा असते. पटलेवहिनींनी मोटरीला, वजनकाट्याला, ट्रकच्या चाकाला कुंकू लावलं आणि मग त्या आमच्या टेबलाकडे वळल्या. लढणारी माणसं आहेत, पूजा व्हायलाच पाहिजे, असं म्हणून त्यांनी दोन्ही फौजांवर सढळ हातानं कुंकू उधळलं.

माझ्या फ्रेंच पलटणीच्या पांढऱ्या पाटलोणी मी तीन महिने भिंग लावून रंगवल्या होत्या. त्या पार गेल्या. पटलेचे इंग्रज मुळातच लाल कोटातले, त्यांच्यावर कुंकू पडलंय हे कळतसुद्धा नव्हतं. मी तक्रार केली तर पटले शांतपणे म्हणाला, "तुह्या वहिनीले तूच सांग."

मी सांगितलं नाही. त्या दिवशी जेवण तिकडेच होतं.

*

पंच निःपक्ष असावा, पण किती? मी तुमसर रोडला राहतो, रेल्वेच्या पलीकडे. एका रविवारी फाटक पडलं, आधी मालगाडी गेली, मग दुसरी, आणि मी पाऊण तास उशिरा पोचलो. घामाघूम. पाणीही न पिता टेबलाशी गेलो तर माझी निम्मी फौज डब्यातच. ठरल्याप्रमाणे ती कुमक खेळातल्या दुपारी मैदानात यायची होती, आणि ती दुपार उलटून गेली होती.

सर, फाटक बंद होतं, मी म्हटलं.

सरांनी लाँगबुक मिटलं. "मंग तुमची कुमकबी फाटकावरच असन."

निम्म्या फौजेवर खेळलो. हरलो. पटले त्या दिवशी पाच वाजता म्हणतो, बरा खेळला आज.

*

रविवारी मिलमध्ये काम कमी, म्हणून हमाल मंडळी खेळ बघायला उभी राहतात. त्यातला दशरथ माझा कट्टर समर्थक. इतका कट्टर की डावीकडून घोडे सोडा, डावीकडं पटलेशेठचं लक्ष नाही, असं मला तो सगळ्यांसमोर सांगायचा. मी त्याला बाजूला घेऊन समजावलं की मनातलं बोलायचं नाही. त्याला पटलं. त्यानं बाकीच्यांनाही पटवलं.

पुढच्या रविवारी एक शब्द कोणी बोललं नाही. मी उजवीकडून छापा घालायचा बेत केला होता आणि दशरथला आधीच विश्वासात घेतलं होतं. खेळ सुरू झाला तर सातही हमाल टेबलाच्या उजव्या कोपऱ्याशी दाटीवाटीनं उभे, नीट दिसावं म्हणून. पटलेनं त्यांच्याकडे बघितलं आणि सगळ्या तोफा उजवीकडे नेल्या.

*

आणि परवाचं. परवा मी जिंकत होतो. पटलेचं पायदळ संपलेलं, उरली एक तोफ आणि त्यांचा सेनापती. मध्ये हातभर हिरवं कापड. सरांच्या लाँगबुकात हिरवं कापड म्हणजे मोकळं मैदान. माझे बारा घोडेस्वार कापडाच्या अलीकडे. अंतर मी तीनदा मोजलं. एक धडक, की इंग्रज संपले. पटले खुर्चीवर बसून राहिला होता, सरही मान हलवत होते. मी पहिला घोडा उचलला.

तेवढ्यात पटलेचे वडील, आबाजी, गावाकडून, बपेऱ्याहून आले. काठी टेकत टेबलाशी उभे राहिले आणि हे हिरवं काय, असं विचारलं.

पटले एकदम उठला. "धान होय, बाबा. निसवला आता."

आबाजींनी माझ्या हातातल्या घोड्याकडे बघितलं. "कोनाचा?"

सरांनी बोलायला हवं होतं. नियम त्यांनीच लिहिलेला! पण सरांच्या घरीही दोन एकर धान आहे, आणि तिथंही आता लोंब्या आल्यात. ते लाँगबुकात बघत राहिले. दशरथ माझ्याकडे बघत होता, बाकीचे हमालही. कापड आहे ते, असं मी म्हणणार होतो.

"धुऱ्यानं ने, बापा," आबाजी म्हणाले. "एकामांगं एक."

मी बाराही घोडे उचलले आणि कापडाच्या कडेनं, बांधावरून न्यावेत तसे, रांगेत लावले. वळसा चार पाळ्यांचा. दुसऱ्या पाळीला अख्खी रांग पटलेच्या तोफेसमोर सरळ आली. नऊ घोडे पडले, मग उरलेले तीन.

आबाजींनी वाकून कापडाचा कोपरान् कोपरा न्याहाळला.

"धान वाचला," ते म्हणाले.