तळघरातली पिवळी बाटली

कुलगुरूंच्या खुर्चीत बसून तिला जेमतेम अकरा दिवस झाले होते. शिंप्याची ही मुलगी वडिलांच्या मशीनच्या खडखडाटात अभ्यास करून रसायनशास्त्रात आली होती, आणि एकाच विभागात विद्यार्थिनीची प्राध्यापक, प्राध्यापकाची विभागप्रमुख झाली होती. वेळेच्या काटेकोरपणामुळे मुलं तिला पाठीमागे ‘स्टॉपवॉच’ म्हणत. हे तिला ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

तिला घडवलं ते सरांनी. तिचा पहिला शोधनिबंध त्यांनी सात वेळा लाल शाईने रंगवून परत केला होता. आता ते ऐंशीच्या घरात होते, निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण जुन्या इमारतीच्या तळघरातली प्रयोगशाळा त्यांनी सोडली नव्हती. आधीच्या तीन कुलगुरूंनी तिकडे काणाडोळाच केला.

तिने सगळ्या प्रयोगशाळांची तपासणी लावली.

“सगळ्या म्हणजे... सरांचीही?” कुलसचिवांनी विचारलं.

“तिथे मी स्वतः येते.”

सरांनी हसतमुखाने दार उघडलं. “या, कुलगुरू! गुरूची झडती घ्यायला आलात?”

ती हसली, आणि कपाटाच्या खालच्या फळीकडे नजर जाताच तिचं हसू मावळलं. जुनी काचेची बाटली. पिक्रिक ॲसिड. ते कायम पाण्याखाली ठेवायचं असतं; सुकलं की स्फोटक बनतं. बाटलीत पाण्याचा टिपूस नव्हता. झाकणाभोवती पिवळे खडे धरले होते. ते झाकण नुसतं फिरवलं तरी पुरे होतं.

“ती होय?” सर वाकले. “तुझ्या जन्माआधीची आहे ती. काही होत नाही, बघ.”

“सर, हात लावू नका!”

इतक्या वर्षांत सरांपुढे तिचा आवाज कधी चढला नव्हता. तिने त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं. कुलसचिव दारातच थिजले.

“वर परीक्षा चालू आहे ना?” तिने मान न वळवता विचारलं.

“दोनशे मुलं आहेत, मॅडम. पेपर अर्धा झालाय. आत्ता उठवलं तर गहजब होईल.”

“होऊ दे. इमारत रिकामी करा. सावकाश, धावपळ नको. आणि बाँबशोधक पथकाला फोन, पण बाहेर जाऊन.”

ते गेले. सर मात्र स्टुलावर बसले. “मी नाही येणार. चार लोकांत माझी शोभा करतेस?”

डोक्यावर शेकडो पावलं वाजू लागली. छतावरची धूळ भुरभुरत होती. फळीवरच्या काचा एकमेकींना लागून किणकिणल्या.

“मग मीही नाही जात,” ती म्हणाली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. ते उठले. तिने खांदा पुढे केला. त्यांनी तो धरला नाही.

पथकाने बाटली मैदानात वाळूच्या पोत्यांमध्ये उडवली. आवाजाने वसतिगृहाच्या खिडक्या हादरल्या. सर झाडाखाली उभे होते. मग ते फाटकाकडे चालू लागले.

संध्याकाळी तिने तळघराची तपासणीवही मागवली. गेल्या आठ वर्षांच्या प्रत्येक पानावर ‘सर्व ठीक’ आणि खाली विभागप्रमुखांची सही. तिची स्वतःची. एकदाही खाली न उतरता, सरांचा मान म्हणून केलेली.

कुलसचिव हळूच म्हणाले, “ही वही कोणी मागितलेली नाही, मॅडम.”

पुढच्या आठवड्यात व्यवस्थापन परिषदेची बैठक भरली. सदस्य अभिनंदनाचा ठराव वाचणार, तोच तिने वही टेबलावर उघडून ठेवली. दोन तास तिची खरडपट्टी निघाली. पद राहिलं, पण लेखी ताकीद मिळाली आणि वर्तमानपत्रांनी आठवडाभर सोललं. तळघराला कुलूप लागलं. मुलांचा पेपर पुन्हा झाला.

सरांनी तिचा फोन उचलला नाही. एक ना दोन, सात महिने. मग एका सकाळी त्यांचाच आला.

“घरी माळ्यावर तुझ्या काकूंना दोन खोकी सापडलीत,” ते म्हणाले. “प्रयोगशाळेतून कधीतरी आणलेली. आत काय आहे ते आठवत नाही.”

“तुम्ही उघडलीत?”

“नाही.”

“काकूंना घेऊन अंगणात बसा, सर. मी निघालेच.”