मी विकलेला फणसाचा पाट

आयुष्यात मी एकच वस्तू मागितलेल्या भावात विकली, आणि तो आमच्या गणपतीचा पाट निघाला.

सुरुवात एका व्हिडिओपासून झाली. स्मिताने, म्हणजे माझ्या बायकोने, मोबाईलवर कुणा बाईंना ऐकलं. जी वस्तू वर्षभर हाताला लागली नाही ती घरात ठेवू नये, असं त्या बाईंचं म्हणणं. (हा नियम लावला तर पहिली माझी व्यायामाची सायकल जायला हवी होती. पण तिच्यावर टॉवेल वाळतात, त्यामुळे ती वापरात धरली गेली.) माझे वडील, नाना, तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी डोंबिवलीला माझ्या बहिणीकडे गेले होते. आमचा विरारचा फ्लॅट मोकळा करायला यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता.

माळा उतरवला. पलंगावर नवी चादर घालून तिच्यावर एकेक वस्तू मांडली, फोटो काढले आणि ऑनलाइन टाकले. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी एका विमा कंपनीत मॅनेजर आहे, आणि नको असलेली गोष्ट हवीशी वाटेल असं लिहिणं हाच माझा पगारी धंदा! पुरणयंत्राला मी 'अँटिक पास्ता मशीन' म्हटलं. त्यावर एकाने विचारलं, "यात मोमोज होतात का?" दुसऱ्याने स्टोव्हसाठी आठवडाभर घासाघीस केली, भाव ठरला, आणि मग कळवलं की तो नागपूरला राहतो.

माळ्यावरच गोणपाटात गुंडाळलेले पाट सापडले. पूर्वी आमच्याकडे पंगत जमिनीवर बसायची. आता घरात कोणाचेच गुडघे जमिनीपर्यंत पोचत नाहीत.

"अहो, हेही काढा," स्मिता म्हणाली. "धूळ खातायत नुसते."

त्यात एक पाट इतरांपेक्षा रुंद आणि जाड होता, कडेला कोरलेली वेल, मधोमध तांबूस डाग. मी लिहिलं, 'हाताने कोरलेली प्राचीन बैठक, नैसर्गिक लाल छटा.' दुसऱ्याच दिवशी जवळच्या वटार गावाहून जितेश नावाचा तरुण स्कूटरवर आला. त्याची तिकडे केळीची वाडी आहे. त्याने बाकीच्या पाटांकडे पाहिलंही नाही. रुंद पाट दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला (मला वाटलं, या मुलाला लाकडाची काय आवड आहे!), शाल गुंडाळून मांडीवर घेतला आणि एक रुपयाही कमी न करता पैसे देऊन गेला. त्या संध्याकाळी आम्ही बाहेर जेवलो.

पुढचं समजायला आमची रीत सांगायला हवी. आम्ही मूळचे राजापूरकडचे. आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. श्रावणात घरचा पाट मूर्तिकाराच्या कारखान्यात द्यायचा. तो त्याच पाटावर शाडूची मूर्ती घडवतो, आणि चतुर्थीला देव पाटासकट घरी येतो. आमचा पाट आजोबांनी परसातल्या फणसाचा करवून घेतलेला. नाना नोकरीसाठी इकडे आले तेव्हा त्यांच्याजवळ एक वळकटी होती आणि हा पाट होता. भाड्याच्या किती खोल्या बदलल्या, पण नव्या खोलीत पहिला पाट जायचा, मग माणसं. आई होती तोवर विसर्जनानंतर ती तो स्वतः धुवायची आणि सावलीत वाळवायची. मी तो ओळखायला हवा होता, हे मान्य. पण मी पाहायचो तेव्हा त्याच्यावर गणपती असायचा, आणि गणपती बसल्यावर पाटाकडे कोण बघतं?

श्रावण लागला आणि नाना नव्या डोळ्यांनी परत आले. चहा प्यायले आणि म्हणाले, "सुधीर, पाट काढ. कारखान्यात देऊन येतो."

मी माळ्यावर चढलो. उरलेले पाट एकेक करून खाली दिले. प्रत्येक पाटाला नाना "हा नव्हे" म्हणत होते. शेवटच्या "हा नव्हे"ला मला ती नैसर्गिक लाल छटा आठवली. खाली स्मिता भिंतीला टेकून उभी होती. तिच्याही लक्षात आलं होतं.

"नाना, तो... उन्हात ठेवलाय."

"कसल्या उन्हात?" नानांनी खिडकीकडे बोट केलं. बाहेर धो धो पाऊस.

"म्हणजे पॉलिशला दिलाय. वालीवला."

"देवाच्या पाटाला पॉलिश?"

"नुसतं पुसून देणारेत," स्मिता म्हणाली. ही मदत होती असं ती अजून म्हणते.

टोपी डोक्यावर ठेवून नाना खुर्चीत बसून राहिले. मी ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलं (हे पुरेसं खरं होतं) आणि वटार गाठलं.

जितेशची आई ओटीवर केळीची पानं पुसत बसली होती. मी कोण ते सांगताच तिने आत हाक मारली, "जितू, पाटवाले आले रं! पानी आन." मला वाटलं होतं, पाट कुठेतरी कुंडीखाली असेल, दोन शब्द बोलून, पैसे परत करून काखोटीला मारावा. मी घसा साफ केला आणि सांगून टाकलं की ती प्राचीन बैठक वगैरे काही नसून आमच्या देवाचा पाट आहे.

"ते आमाला ठाव हाय," म्हातारी शांतपणे म्हणाली. "कुंकू दिसतं की. तुमाला नव्हतं ठाव?"

तिने मग सगळं सांगितलं. आजवर गणपती थोरल्या दिराकडे असायचा. या वर्षी वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या, देव थोरल्यांकडे राहिला. "पोराला म्हटलं, आपल्या घरात बी देव येऊ दे. पन नव्या पाटाला देवाची सवय कुठली? तवा ह्यानं मोबाईलवर तुमचा पाट दावला. म्हटलं, कोनी भला मानूस देतोय, घे." ती उठली. "तुमचा देव हाय तो. घेऊन जावा. जितू, जा बाबा यांच्यासंगं."

पाट घरात नव्हताच. तो कारखान्यात पोचला होता. शाडूचं काम करणारे कारखाने आमच्या भागात उरलेत किती, त्यामुळे तो नेमका आमच्याच मूर्तिकाराकडे गेला होता. जितेशच्या स्कूटरवर मागे बसून मी तिथे पोचलो तेव्हा दारात ओळखीची छत्री टेकवलेली दिसली. नाना आमचा पाट यंदा उशिरा येईल एवढं सांगायला आले होते. आणि आत ते फणसाच्या पाटासमोर उभे होते. पाटावर मांडी घालून एक गणपती बसलेला होता, ओला, अजून डोळे न उघडलेला. पाटाच्या कडेला खडूने लिहिलं होतं: 'जितेश, वटार.'

"वालीव हेच का?" नानांनी विचारलं.

मी जे घडलं ते सांगितलं. मूर्तिकाराने हातातली कोरणी खाली ठेवली आणि तो बादलीत हात धुवायला लागला. जितेशचा चेहरा पडला होता.

"काका, तुमचा पाट तुम्ही घ्या," तो म्हणाला. "मूर्ती दुसऱ्यावर हलवू."

"माती ओली आहे," मूर्तिकार म्हणाला. "आता उठवला तर मान जाईल."

नाना पुढे वाकले. नव्या डोळ्यांनी त्यांनी पाटावरची वेल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, मूर्तीला जराही धक्का न लावता कडेवरून बोट फिरवलं. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपल्याला नाही हेही कळत होतं. ते मला चार लोकांत बोलले असते तर फार बरं वाटलं असतं.

"पहिलंच वर्ष ना रे तुमचं?" त्यांनी जितेशला विचारलं.

"हो काका."

"मग राहू दे. बसलेल्याला उठवायचं नसतं. पूजा कोण सांगणार?"

"भटजी मिळेना. मोबाईलवर लावू म्हणतोय."

"मोबाईलवर नको," नाना म्हणाले. (इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं.) "मी येतो. या पाटावर देव बसताना मी नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही."

"नाना, पण मग आपल्या घरी?"

"आपल्या घरी तू. विकायला जमलं, तसं बसवायलाही जमेल."

चतुर्थीला सकाळीच जितेश नानांना घेऊन गेला. मी सोवळं नेसलो. ते सुटू नये म्हणून त्यावर कमरेचा पट्टा लावला. उरलेल्या पाटांपैकी एकावर घडलेला आमचा गणपती मखरात बसला होता. तो पाट मूर्तीला जरा अरुंद होता, त्यामुळे देवही अंग चोरून बसल्यासारखे दिसत होते. मी पोथी उघडली. आचमन करताना ठसका लागला. कलश कुठे, शंख कुठे, दूर्वा आधी की पत्री आधी, काही कळेना. शेवटी स्मिताने फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"नाना, अडलं."

"कुठे?"

"सुरुवातीलाच."

पलीकडे घंटा थांबली. मग नानांनी तिथूनच दोन्हीकडची पूजा एकदम सांगायला घेतली. वटारमध्ये जितेश आणि विरारमध्ये मी, एकाच आवाजावर हात हलवत होतो. "डोळ्यांना दूर्वेने तूप लाव. जितेश, छान. सुधीर, तूप! तेल नव्हे, तूप!" त्यांना तिथून कसं दिसलं देव जाणे. पण त्यांचा आवाज असा मोकळा मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणताना तो एकदा भरून आला, आणि आमच्या घरात स्मिताने डोळ्यांना पदर लावला. माझेही हात जोडलेले राहिले.

आरती दोन्हीकडे एकदमच झाली. त्यानंतर फोन बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. वटारच्या ओटीवर प्रसाद वाटल्याचा गलबला ऐकू येत होता. त्यात म्हातारीचा आवाज स्पष्ट आला.

"काका, तुमी किती छान सांगितलंत हो! आनि तुमचा पोरगा काय काम करतो?"

मी मान वर केली. विमा कंपनीत मॅनेजर आहे, हे नाना कुठेही, कोणालाही, न विचारता सांगतात. लिफ्टमध्येसुद्धा सांगतात. पलीकडे ताटली खाली ठेवल्याचा आवाज आला. मोदक खात असावेत.

"काही नाही," नाना म्हणाले. "घरातलं विकतो."