धुरकऱ्याच्या कमरेतले स्क्रू

आमचा धुरकरी कोणाच्या पाया पडत नसे. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायचा, म्हणून आख्खं रोहणा त्याला धुरकरीच म्हणे. गावात मोठा पुढारी आला, लोक ओळीनं वाकले; हा मिशीला पीळ देत उभा. "ज्यानं माह्या वावरात नांगराचं एक तास नाई काढलं, त्याच्यापुढं काऊन वाकू?" वाकायचा तो वर्षातून एकदा, पोळ्याला, आपल्या बैलांच्या खुरांवर. तेव्हा मात्र कपाळ मातीला लागायचं. मी शाळेत फार गेलो नाही, पण माणूस ओळखतो. असा ताठ माणूस मी दुसरा एकच पाहिला, आणि तो मी.

म्हातारपणी त्याच्या कमरेचा मणका सरकला, पाय बधिर पडू लागले. वर्ध्याला डॉक्टरांनी स्क्रू आणि सळ्या घालून कंबर बांधली. पट्टा लावा, वाकू नका, ओझं उचलू नका, असं बजावून पाठवलं. त्यानं पट्टा लावला गोठ्याच्या खुंटीला आणि पाण्याच्या बादल्या उचलू लागला. "येसन बैलाले असते. मले कायले?"

पोळा आला. तोरणाखाली जोडी उभी करून तो नेहमीसारखा वाकला, आणि उठेचना. मी आणि त्याच्या पोरानं धरून उभा केला. घामानं ओलाचिंब. माझ्या कानाशी म्हणाला, "बुढ्या, आत कायतरी हालून राह्यलं."

एक्सरेत खालचे दोन स्क्रू ढिले निघाले.

"मंग पाना आना अन् कसून टाका," धुरकरी म्हणाला. "गाडीचे बोल्ट मी कितीकदा कसले."

डॉक्टर हसले नाहीत. "बाबा, स्क्रू चांगला आहे. हाड भुसभुशीत झालंय, म्हणून पकड सुटली. एका दिवसात नाही, हळूहळू. आता ते काढून जाड स्क्रू घालू, हाडात सिमेंट भरू. तसंच ठेवलं तर पाय लुळे पडू शकतात."

"पुढच्या पोळ्याले बैलाजवळ उभा राहीन?"

"राहाल. पण असं वाकायचं कधीच नाही."

धुरकऱ्यानं मिशीवरचा हात खाली घेतला. मी म्हटलं, "पहिले उभा तर राह्य लेका. वाकाचं मंग पाहू."

दुसऱ्या ऑपरेशननंतर पट्टा झोपेपुरताच सुटायचा. पुढच्या पोळ्याला मला म्हणतो, "जोडी पारावर चढव." आमच्या पिंपळाच्या पाराला मागून उतार आहे, पुढून तो खांद्याएवढा उंच. मी बैल वर नेले, हा खाली पुढ्यात उभा. खूर बरोबर तोंडासमोर. कंबर सरळ ठेवून यानं मान तेवढी झुकवली आणि कपाळ टेकवलं, एकेका खुरावर. सारा गाव हसला.

"हासा लेकहो! डाक्तरनं कंबर बांधली, मान माही मोकळी हाय!"

पुढचे पोळे असेच झाले. गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं तो गेला, पण शेवटपर्यंत आपल्या पायानं चालत होता. राख सावडताना स्क्रू आणि सळ्या सापडल्या, काळ्या पडलेल्या. मी एकेक स्क्रू ओढून पाहिला.

"काय पाहून राह्यले, भाऊजी?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"काई नाई, वयनी. पक्के हायत."

यंदा त्याची जोडी मी धरली. पोळा फुटला, घराकडे वळवत होतो, तर बैलांनी कासरा ओढला, उतारावरून थेट पारावर चढले आणि काठाशी येऊन खाली पाहत थांबले. सारं गाव माझ्याकडे पाहू लागलं.

मी आजवर कोणापुढे वाकलो नाही. जाऊन पाराखाली उभा राहिलो, खुरांना कपाळ लावलं. वाकावं लागलंच नाही.