चंद्रग्रहण, अगदी सोप्या भाषेत

चहा घ्या आधी, गार होतोय. आणि मधे हसायचं नाही, सांगून ठेवतो. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझी फजिती मीच सांगितलेली बरी!

मी भाषेचा मास्तर. शाळा पाचोऱ्यापासून आत, खेड्यात. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि हेडसरांनी सातवीचं विज्ञान माझ्या गळ्यात घातलं. आता व्याकरण विचारा, झोपेतून उठून सांगेन. पण ग्रहण? ग्रहणात पिण्याच्या पाण्यात तुळशीचं पान टाकायचं, एवढीच माझी विद्या!

पण वर्गात टीव्ही होता ना! पाचोऱ्याच्या एका शेठजींनी दिलेला, चांगला दाराएवढा. माझा फोन वायरशिवायच टीव्हीला जोडायचा, व्हिडिओ लावायचा, की कुठली तरी ताई गोड आवाजात सगळं शिकवायची. मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसायचो. मुलं खूश, मी तर त्याहून खूश.

कुणीतरी हे वर कळवलं. एके सकाळी विस्तार अधिकारी साहेब दारात हजर! हेडसर धावत येऊन माझ्या कानाशी लागले, "तुम्ही शिकवता की टीव्हीच शिकवतो, ते बघायला आलेत. शेरा वाईट पडला तर टीव्ही उचलून दुसऱ्या शाळेला देणार. सांभाळा!"

हेडसरांचं कानात बोलणं म्हणजे गावाला दवंडी. छत्तीस पोरांची तोंडं उतरली. पहिल्या बाकावरची भाग्यश्री तर रडायच्या बेतात. "सर, आपला टीव्ही जाऊ देऊ नका हां," एवढंच म्हणाली.

चंद्रग्रहणाचा व्हिडिओ नुकताच सुरू झाला होता. साहेबांनी दोन मिनिटं पाहिला. "छान. आता हे बंद करा आणि तुम्ही फळ्यावर समजावून सांगा."

"हो सर! फक्त... पाणी पिऊन येतो."

व्हिडिओ बंद केला, फोन घेतला आणि व्हरांड्यात सटकलो. भिंतीला पाठ लावली. फोनचा आवाज बंद केला आणि शोधलं, 'चंद्रग्रहण सोप्या भाषेत'.

आत खसखस पिकली. म्हटलं, साहेब रसिक दिसतात, मुलांना विनोद सांगतायत. बरंच झालं, तेवढाच वेळ मिळेल!

सोप्या भाषेतलंही माझ्या डोक्यावरून गेलं. मग 'चंद्रग्रहण अगदी सोप्या भाषेत'. आत हशा वाढला. मग 'चंद्रग्रहण लहान मुलांसाठी'. आत बाकं वाजायला लागली!

हा व्हिडिओ जमण्यासारखा होता, पण बारा मिनिटांचा. बारा मिनिटं पाणी कोण पितं हो? दुप्पट वेग लावला, मधलं पुढे ढकललं, शेवट पाहिला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. जाता जाता एक शेवटचं विचारून घेतलं, 'साहेबांसमोर घाम फुटल्यास काय करावे'.

या वेळी आत अगदी चिडीचूप. मला वाटलं, संपला साहेबांचा विनोद.

खाली मान घालून आत शिरलो. फोन टेबलावर ठेवला, फळ्यावर तीन गोळे काढले आणि ठोकून दिलं, "हा सूर्य, हा चंद्र, ही पृथ्वी. चंद्र मधे आला, त्याची सावली पृथ्वीवर पडली, की झालं चंद्रग्रहण!"

भाग्यश्रीला राहवेना. एरवी वर्गात पुस्तकी बोलणारी पोर, पण टीव्ही जायची वेळ आल्यावर घरची अहिराणीच तोंडातून बाहेर पडली, "सर, ते सूर्यग्रहण शे! तुम्हीन मधलं पुढे ढकली दिधं ना!"

"मी काय ढकललं ते तुला गं काय माहीत?"

"आम्हीन बठ्ठासनी देखं!" सगळ्यांनी पाहिलं म्हणे!

छत्तीस बोटं माझ्या पाठीमागे वळली. मी वळून पाहिलं. अहो, व्हिडिओ बंद केला होता, पण फोन टीव्हीला जोडलेलाच राहिला होता! दाराएवढ्या पडद्यावर, दाराएवढ्या अक्षरांत, 'साहेबांसमोर घाम फुटल्यास काय करावे'. आणि खाली एक वैद्यबुवा वाळ्याचं सरबत घेऊन हसतायत!

धरणीमाता पोटात घेईल तर शपथ. टीव्ही गेला, हे मला कळून चुकलं. पोरांकडे बघायची लाज वाटत होती.

साहेबांनी चष्मा पुसला. "मुलांनो, चंद्रग्रहण कुणाकुणाला समजलं?"

छत्तीस हात वर.

"आणि सरांना समजलंय, असं कुणाला वाटतं?"

एक हात वर येईल तर ना! भाग्यश्रीचासुद्धा नाही.

साहेब ऑफिसात गेले, शेरेबुकात लिहिलं आणि निघून गेले. हेडसरांनी मला बोलावून तो शेरा सगळ्या शिक्षकांसमोर मोठ्याने वाचायला लावला. वाचला. काय करणार?

'टीव्ही याच शाळेत ठेवावा. मुलांना विषय समजला आहे, परंतु सरांना अजून गरज आहे.'