हॉस्किंगांच्या कुंपणाखालचा ओढा

मर्ल हॉस्किंग काही शिक्षिका नव्हती. पण ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडमधल्या त्या गावात शाळेची पोरं ओढ्याचं पाणी तपासायला निघाली, की गमबूट चढवून पुढे तीच. जाळीने तळ ढवळायचा, पांढऱ्या ताटात ओतायचं आणि किडे ओळखायचे. शेपटीला तीन केस असलेले निघाले, तर पाणी निर्मळ. नुसत्या लाल अळ्या निघाल्या, तर वर कुणीतरी घाण सोडतंय. अलीकडे ते केसवाले कमी होत चालले होते. मर्ल दुष्काळाला बोल लावायची.

रात्री जेवणाआधीची प्रार्थना झाली, की नवरा लिंडसे विचारायचा, "मग, तुझी पिलावळ कधी ओढ्यावर?" ती हरखून दिवस सांगायची. एवढ्या गाईंचा व्याप सांभाळून माणूस आठवणीने विचारतो, याचं तिला कोण कौतुक!

त्या फेब्रुवारीत उन्हाचा असा तडाखा बसला, की शाळेने मंगळवारची फेरी बुधवारवर ढकलली. लिंडसे गुरांच्या बाजारातून उशिरा आला. सांगायचं राहून गेलं.

बुधवारी पाण्यावर हिरवट फेस, आणि ताटात नुसत्या लाल अळ्या.

"मिस, गोठ्याचा वास येतोय," ताहनी नाक दाबून म्हणाली.

"तुझा डबा उघडा राहिला असेल!" मागून कुणीतरी चिडवलं.

मर्ल हसली नाही. वासाच्या मागावर ती काठाने वर चालत गेली, पोरं तिच्यामागे. कुंपणाखालून एक पाइप ओढ्यात भडाभडा ओकत होता. गोठ्यातलं शेणामुताचं पाणी, जे तळ्यात साठवून कुरणात पसरायचं असतं, ते. चावीपाशी लिंडसे.

तो दचकला. "अगं, तुमचं तर काल झालं ना?"

म्हणजे तो विचारायचा ते याचसाठी. पोरं येऊन गेली, की दुसऱ्या दिवशी चावी फिरवायची. आणि दिवस सांगणारी तीच.

"मिस, हे तुमचंच शेत ना?" ताहनीने हळूच विचारलं.

"मर्ल, पोरांसमोर नको," लिंडसे म्हणाला. "घरी बोलू."

"घरीच तर बोलत होते रे, इतकी वर्षं."

नोंदवहीवर ताहनीची पेन्सिल थांबली होती. "घाण कुठून येते, ते लिहू?"

"लिही. हॉस्किंगांच्या शेतातून."

मग ती जाळी धुवायला वाकली, आणि तशीच थांबली. धुवायला पाणी कुठलं घ्यायचं, तेच तिला सुचेना.