अंगावर काढलेलं दुखणं

नंदाताईच्या सासूबाईंनी मला कधी फोन केला नव्हता. त्या दुपारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसले असताना त्यांचा आला. "नंदा गेली गं…" एवढंच बोलल्या आणि फोन तसाच चालू राहिला. कोल्हारच्या त्यांच्या अंगणातली बायकांची रडारड मला इथे पुण्यात ऐकू येत होती.

स्त्री-अभ्यासाच्या एम.ए.ला आम्ही एका वर्गात होतो, वसतिगृहात एका खोलीत. मी श्रीरामपूरच्या नर्सची मुलगी, नुकतीच पदवी घेतलेली. ती चाळिशीकडे झुकलेली, नवरा अपघातात गेलेला, मूलबाळ नाही. माहेरची माणसं तिला परत न्यायला आली, तेव्हा सासूबाईंनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि तिला म्हणाल्या, "तुला शिकायचं हुतं ना? जा. गाया मी बघते." हे सांगताना ताईचे डोळे दरवेळी भरून यायचे. सुरुवातीला इंग्रजी लेखांनी ती रडकुंडीला यायची. मी एकेक परिच्छेद मराठीत सांगायचे, ती डोळे मिटून ऐकायची, आणि मध्येच गल्लीतल्या कुणा बाईची आठवण निघायची… मग आमचा अभ्यास तिथेच राहायचा.

लघुप्रबंधाला तिने विषय घेतला, गावातल्या बायका दुखणं अंगावर का काढतात. सुटीत मीही तिच्याबरोबर वस्त्यांवर हिंडले. कांद्याच्या वाफ्यात खुरपणारी एक बाई मान वर न करता म्हणाली, "दुखतंय म्हनलं, तर सैपाक कोन करील?" ताई तिच्याशेजारी बसली आणि गवत उपटू लागली.

तिला स्वतःला तेव्हा पाळी नसतानाही रक्तस्राव सुरू झाला होता. एका खोलीत राहून ते लपणार थोडंच? मी आईला सांगून श्रीरामपूरच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. ताई म्हणाली, आधी प्रबंध देऊ दे. प्रबंध दिल्यावर तोंडी परीक्षा आली, ती झाली तर सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. शेवटी मी चिडून म्हणाले, "ताई, तू लिहिलंयस ते एकदा स्वतः वाच." ती हसली. "वाचलंय गं. लिहायला सोपं असतं…"

दवाखान्यात गेली तोवर गर्भाशयातला कर्करोग पोटभर पसरला होता. निकाल लागला तेव्हा ती वर्गात पहिली होती आणि तिला अंथरुणातून उठवत नव्हतं. पेढे सासूबाईंनी वाटले, गावभर, एकटीने फिरून.

गेल्या आठवड्यात मी कोल्हारला गेले. सासूबाई मला ताईच्या खोलीत घेऊन बसल्या. खोली झाडलेली होती, खिडकी सताड उघडी. ती त्या रोज सकाळी उघडतात. मग खाली बघतच त्या म्हणाल्या, "चालताना माझ्या छातीत दुखतं. लई दिस झालं. नंदालाबी सांगितलं न्हवतं… तुझ्या आईच्या दवाखान्यात नेशील मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने श्रीरामपूरला जायला आम्ही निघालो. घर बंद करताना मी खिडकीला हात लावला, तर त्यांनी अडवलं.

"राहू दे उघडी. तिला कोंडल्यालं आवडत न्हाई."